पाणीआईची ओटी

"हात लाव की. आपल्याच घरची देवी हाय ती," नानासो म्हणाले आणि त्यांनी हिरवी साडी लेकीच्या, प्रांजलच्या हातात दिली.

पाणीआईचा दगड विहिरीच्या काठाला होता. हळदीकुंकवाचे थरावर थर चढून तो चिकट झाला होता. त्यावर मुंग्या फिरत होत्या. प्रांजलनं श्वास रोखून साडीचं पहिलं टोक गुंडाळलं. मागं लिंबाखाली मटण रटरटत होतं. धनाजीकाकानं विहिरीत पिचकन मावा थुंकला आणि मोबाइल काढून पुतणीचा फोटो घेतला.

सकाळी सांगलीहून गाडी निघाली तेव्हा ती खुशीत होती. कवठे महांकाळजवळचं हे शेत, वाडवडिलांची ही विहीर तिनं कधी बघितली नव्हती. गोष्ट मात्र तोंडपाठ होती. दुष्काळ पडला, विहिरीला पाणी लागेना. घरातली एक कुमारिका तळाशी जाऊन बसली. तिनं धावा केला आणि झरा फुटला. पोरगी वर आली नाही, पण घराण्याला भरभराट देऊन गेली. ही गोष्ट सांगताना आप्पांची, म्हणजे नानासोंची, छाती फुगायची. आजही ते मजेत होते. जेवणं झाली की प्रशांतशी लग्न करायचंय हे त्यांना सांगायचं, असं प्रांजलनं ठरवलं होतं.

साडी नेसवून झाली. शेजारी पोत्यावर तानूआज्जी बसली होती, आप्पांची म्हातारी आत्या. ती मघापासून दगडाकडं बघत होती.

"आज्जी, हिचं नाव काय होतं गं?"

"बनू."

"तुला कसं ठाऊक? शंभर वर्षं झाली असतील."

"कुणी सांगितलं शंभर? माझी थोरली भन ती." आज्जीनं पदरानं तोंड पुसलं. "आन् विहीर कवा कोरडी व्हती? पाणी व्हतं म्हणून तर बुडाली."

मग आज्जीनं आवाज खाली आणला. बनू खालच्या आळीतल्या पोराबरोबर निघाली होती. म्हसवडच्या वाटेवरनं तिला माघारी आणलं. "आमच्या बानं केस धरलं, तुझ्या आज्यानं पाय. मी जुंधळ्यात लपले व्हते. मला वरडाय बी सुधरलं न्हाई. पुढं घरातली लेकरं मराय लागली, तवा भगत म्हणला, तिला देवी करा."

तुझ्या आज्यानं. म्हणजे तात्यांनी. बाजारातनं येताना गुळाचा खडा आणून स्वतःच्या बोटांनी नातीच्या तोंडात घालणाऱ्या तात्यांनी. तो गूळ प्रांजलच्या जिभेवर पुन्हा आला. बोटांना दगडाची हळद लागली होती. तिनं ती गवतावर घासली, मातीत घासली. पिवळेपणा जाईना.

ती लिंबाखाली आली. पंगत बसली होती. रश्श्यावर तेलाचा लाल तवंग होता. नानासो नळी चोखत होते, त्यांची हनुवटी चकाकत होती.

"आप्पा, बनूला विहिरीत टाकलं, हे तुम्हाला माहीत होतं?"

काकाचं हसणं थांबलं. प्रांजलची आई मंगल भाकरी वाढता वाढता तशीच वाकून राहिली. नानासोंनी नळी ताटाच्या कडेवर आपटली.

"सगळ्यास्नी ठावं हाय. म्हणून तर दर साली साडी नेसवतो."

"आणि पाहुण्यांना झऱ्याची गोष्ट सांगता?"

"मग काय सांगायचं?" त्यांनी मगज तोंडात ओढला. "पोरीबाळींना हितं आणायची आपल्यात रीत न्हाई. तुला आणली."

"का?"

"त्या प्रशांत कांबळ्याचं कानावर आलंय म्हणून."

त्यांनी मान वर केली नाही. काका पुन्हा खाऊ लागला. एका माशीनं आप्पांच्या मिशीवर बसून पाय चोळले. तिथंही त्यांचं लक्ष नव्हतं.

"जेवून घे गं," मंगल पुटपुटली. "गार हुतंय."

आपल्याला भीती वाटायला हवी, असं प्रांजलला वाटलं. पण घशाशी आली ती किळसच. या ताटात ती लहानपणापासून जेवत होती. याच हातांचा आशीर्वाद डोक्यावर घेऊन शाळेला गेली होती. ती बांधाआड जाऊन ओकली. सकाळचे पोहे, चहा, सगळं. तोंड पुसून तिनं चपला घातल्या आणि डांबरी रस्त्याकडं चालू लागली.

"कुठं निघालीस?" नानासो ओरडले. उष्ट्या हातानंच उठले. "प्रांजल! माघारी ये म्हणतो न्हवं!"

वडापची जीप येत होती. तिनं हात केला. जीप थांबली.

"कुठं सोडायचं, ताई?"

"कवठ्याला. पोलीस ठाण्यावर."

ड्रायव्हरनं तिच्याकडं बघितलं, मग शेताकडं. नानासो आणि धनाजी बांध ओलांडत होते. त्यांच्या आधीच निघालेली तानूआज्जी, काठी टेकत, पदर सुटलेला, धापा टाकत येत होती. आधी तिनं जीपची दांडी धरली, मग बोलली.

"मला बी घे, पोरी. बघितलेली मी एकटीच उरलीया."