उन्हाआडची भूक

आईबरोबरच्या अंदमानच्या सहलीसाठी निरंजनने डोक्यापासून तळव्यापर्यंत झाकणारा काळा पोहण्याचा सूट निवडला.

"यातून ऊन आत जात नाही हं," विक्रेती म्हणाली. "कातडीला ऊन नाही मिळालं तर पोट कसं भरणार? भूक लागेल."

"तेच हवंय."

सगळ्यांनी कातडी हिरवी करून घेतल्यापासून घरची चूल थंडच होती. तरी आई विचारायची, "घावन टाकू?"

"कशाला? भूक कुठंय?" तो म्हणायचा. मग तिने विचारणंच सोडलं.

अंदमानात दुसऱ्याच दिवशी त्याच्या पोटात कावळे कोकलायला लागले. सोबत आणलेलं तांदळाचं पीठ त्याने आईपुढे ठेवलं.

"आई, भूक लागलीय. घावन टाक ना!"

आईने पिठात हात घातला आणि तसाच ठेवला.

"पाणी किती घालायचं रे?"