मच्छिंद्रचा मांजा

संक्रांतीच्या सकाळी भिंगारमधल्या आपल्या घराच्या धाब्यावर मच्छिंद्र पतंग उडवत होता, पण नजर काही पतंगावर नव्हती. ती होती पलीकडच्या धाब्यावरच्या कानिफनाथच्या मांजावर. तो मांजा तुटायची मच्छिंद्र वाट बघत होता. तेही असंतसं नाही, पहिल्याच घासणीला शेवईसारखा तुटायला हवा होता.

मागं बायको, मालनबाई, मांजा गुंडाळलेली आसारी दोन्ही हातांत धरून उभी होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पतंगाकडं तिनं कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. आज मात्र आपणहून वर आली. म्हणाली, आसारी मी धरते. मच्छिंद्रनं ते लगेच मनात टिपलं. हिला आज काय एवढी हौस आली?

मच्छिंद्र लष्कराच्या डेपोत सुतार होता. वर्षभर रंधा मारायचा आणि संक्रांत जवळ आली की दार लावून मांजा करायचा. काच कुटायची, फडक्यातून गाळायची, सरसात शिजवायची, सगळं स्वतः. बाहेरच्या कुणाला वाससुद्धा लागू द्यायचा नाही. आणि एवढं करून गेल्या संक्रांतीला कानिफनाथनं त्याचे सगळे पतंग काटले. तेही अगदी त्याच्यासारख्याच गुलाबी मांजानं! गुलाबी रंग अख्ख्या भिंगारात एकाच दुकानात मिळतो, हे काही मच्छिंद्रच्या डोक्यात आलं नाही. त्याच्या डोक्यात आलं ते भलतंच. घरात माणसं दोन, त्यातला एक तो स्वतः. कानिफनाथची बायको वारलेली, आणि मालनबाई अधूनमधून भिंतीवरून त्याला वाटीभर कालवण देणारी. ती वाटी वर्षभर मच्छिंद्रच्या डोळ्यांत सलत राहिली. जी बाई मांजाचं सांगते ती आणखी काय काय सांगत असेल? एकदा हा किडा शिरला, मग माणसाला भाकरीही गोड लागत नाही.

म्हणून यंदा त्यानं सापळा लावला. आठवड्यापूर्वी मालनबाईला जवळ बसवून, मोठा विश्वास टाकल्यासारखं करून सांगितलं, की खरी गोम गुळात आहे. सरस उतरवायच्या वेळी मूठभर गूळ टाकला की मांजाला धार येते. वर ताकीद दिली, की याचं नाव तोंडातून काढायचं नाही, माझ्याशीसुद्धा नाही, भिंती पातळ आहेत. आता गुळाचा मांजा कसला टिकतोय? दव लागलं की चिकचिकणार आणि काच सुटणार. तेव्हा आज कानिफनाथचा मांजा पटकन तुटला, की चोर सापडला. मग उद्याच्या एसटीनं मालनबाईला राजूरला तिच्या भावाच्या दारात नेऊन सोडायचं, हे त्यानं पक्कं केलं होतं. तिला बिचारीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मागं तिची चुळबूळ चालली होती. काय झालं म्हणून त्यानं दरडावलं, तर म्हणाली, मुंग्या. आसारीवरून हातावर चढत होत्या, एकेक झटकून टाकत होती. आज घरोघरी तिळगूळ, मुंग्या असणारच, असं म्हणून त्यानं तोंड फिरवलं. मांजाही आज बोटांना जरा चिकटत होता. दव, दुसरं काय.

"लावा की पेच," मालनबाई हळूच म्हणाली. "आज तुमीच काटनार."

त्यानं वळून पाहिलं. ती आभाळाकडं बघतच नव्हती, त्याच्याच तोंडाकडं बघत होती, आणि डोळे कसे चमकत होते. चोरी पचली की असंच बघतात, त्याला वाटलं. त्यानं पतंग तिरका घातला, कानिफनाथच्या मांजावर आपला मांजा टाकला आणि सगळा जोर लावून खेचला.

हाताला एकदम ताण लागेना. त्याचा पतंग गिरक्या खात छावणीकडं निघाला होता. कानिफनाथचा मांजा जिथल्या तिथं ताठ.

पलीकडून कानिफनाथ हसत ओरडला, "आरं, खेचू नगंस, ढील दे! गेल्या सालापास्नं सांगतोय तुला!"

मच्छिंद्रला काही सुधरेना. खेचताना बोट कापलं होतं, ते त्यानं सवयीनं तोंडात घातलं.

बोट गोड लागलं.

त्यानं सावकाश मालनबाईकडं पाहिलं. तिचा चेहरा पार उतरला होता. आसारी तशीच हातांत होती आणि गुलाबी मांजावरून मुंग्यांची रांग निघाली होती. कानिफनाथला ऐकू जाऊ नये म्हणून ती त्याच्या कानाशी आली.

"सरस उतरवताना तुमी इसरला हुता," ती कुजबुजली. "नाव काढायचं न्हाई म्हनला हुता, म्हनून बोलले न्हाई. तुमची पाठ वळल्यावर मीच टाकला." मग आणखी हळू म्हणाली, "कमी पडला का वो?"

पलीकडून कानिफनाथ दुसरा पतंग लाव म्हणून हाका मारत होता. मच्छिंद्रला मान वर करवेना. लाजेनं त्याचे कान तापले होते, आणि हिला खरं सांगावं लागू नये म्हणून तो तोंडातलं बोट काढतच नव्हता.