पुलावरचा कुलदीप

"नुस्ता पूल नको, चाचा. त्याच्यावर माझा कुलदीप पाहिजे," मिराबाई म्हणाली.

खाजा मियांचा ब्रश पाण्यातच राहिला. जन्मभर त्यांनी हिंगोलीतल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्सवाल्यांनी पोटावर पाय आणला, तेव्हापासून जलरंगांचा नाद. कयाधू नदीवरचा जुना पूल इतक्यांदा काढला, की लोक त्यांना पुलाचा जावई म्हणत. गेल्या महिन्यात पूल पाडला आणि ती थट्टाही बंद झाली.

"माणसं काढायची सोडली मी, बाई."

"एकच काढा. फोटो न्हाई त्याचा. होते ते त्याच्याच मोबाइलमधी, ते बी संगं गेले."

चार वर्षांपूर्वी पुराच्या पाण्यानं कुलदीपला पुलावरून ओढून नेलं. बारावीच्या फेरपरीक्षेत नापास होऊन तेव्हा दोनच दिवस झाले होते. तांड्यानं जे समजायचं ते समजून घेतलं. तिच्या नवऱ्यानं, वसरामनं तर त्या दिवसापासून लेकाचं नाव टाकलं होतं.

"मीच मारलं त्याला," मिराबाई म्हणाली. "सकाळी बोलले, तोंड दाखवू नको म्हणून. पाणी चढून राहिलं होतं, पल्याडून लोक आरडून राहिले होते, अन् हा जागचा हलला न्हाई. ज्याला जगायचंय, तो पळणार न्हाई का?"

खाजा मियांनी हात पुसले. मग उठून त्यांनी लोखंडी पेटी उघडली आणि तळातून एक कागद काढून तिच्या मांडीवर ठेवला.

कमानींच्या निम्म्यावर आलेलं गढूळ पाणी. वर कठड्याला टेकलेला कुलदीप, तोंडभर हसणारा.

मिराबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. तरी हुंदका फुटलाच.

"बराबर तोच हाय! पण चाचा, हसता काहून काढला? मला बरं वाटावं म्हणून मनानंच काढला ना?"

"मनानं न्हाई. त्या दिवशी काठावर बसून, समोर पाहून काढला."

मिराबाईचं रडणं थांबलं. खाजा मियांना तिच्याकडे बघवेना.

"दोनदा म्हणाला तो, चाचा, पाणी वाढून राहिलं, येऊ का? मीच म्हणलं, रंग ओला हाय बेटा, हलू नको."