चौथी पायरी

"तिसऱ्या पायरीनंतर काहीतरी सुटतंय, आबा," रंजिता म्हणाली.

हेमकांत आबांनी चष्मा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

दूध संघातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेल्या आबांना रंजिताने मुद्दाम बोलावून घेतलं होतं. संकलन केंद्रांच्या सॉफ्टवेअरसाठी ती मदतीची पानं तयार करत होती. एका अडचणीला एक पान, तेही सुटं, कुठल्याही स्क्रीनला जोडता येईल असं. एका जागी दुरुस्त केलं की सगळीकडे दुरुस्त. पानाखाली केंद्रांना आपापल्या टिपा लिहायला जागा ठेवली होती. त्या फक्त केंद्रांच्या स्क्रीनवर दिसत. अडचणी मात्र आबांइतक्या कुणालाच पाठ नव्हत्या. दोन महिन्यांत त्यांनी एकसष्ट पानं सांगितली.

"साठ पानांबद्दल एक फोन नाही. 'फॅट मशीन जोडलं जात नाही' या एकाच पानावरून रोज कुणीतरी तुम्हाला विचारतं. असं का?"

"लोके वाचतस कोठे, बेटा," आबा म्हणाले.

खरं कारण त्यांना पक्कं ठाऊक होतं. मशीन रिकामं करा, बंद करा, वायर काढा, पुन्हा लावा, एवढंच पानावर होतं. वायर काढल्यावर वीसपर्यंत मोजायचं असतं, हे त्यांनी सांगितलंच नव्हतं. विसरले नव्हते. सांगितलं नव्हतं.

पत्नी सुगंधाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा सुरतला, त्याचा फोन रविवारी. बाकीच्या दिवशी सकाळी एक कप चहा आणि घड्याळ. सातला फोन वाजला की आबांना जिवात जीव आल्यासारखं व्हायचं. तेवढ्यासाठी त्यांनी लबाडी केली, आणि दोन महिने ती पचवलीही.

"आबा, मशीन जुडी नही ऱ्हायनं," धानोऱ्याची रूपाली म्हणायची. केंद्र तीच चालवायची.

"वायर काढ. आते वीस लगून मोज," म्हणत आबा स्वतःच मोजू लागायचे, सावकाश. मग कापूस कसा आहे, कुणाची म्हैस व्याली, सासूचा गुडघा काय म्हणतो, सगळं विचारून घ्यायचे.

एका मंगळवारी दाढ ठणकली म्हणून आबा दवाखान्यात गेले आणि फोन घरी राहिला. परत येऊन पाहतात तर कळसाडी केंद्राचे पाच फोन येऊन गेलेले. त्यांच्या डोळ्यांपुढे बरण्या घेऊन ताटकळलेली माणसं आली. आपल्या एकटेपणापायी आपण लोकांचं दूध उन्हात तापत ठेवलं, या विचाराने त्यांना जेवण गेलं नाही.

संध्याकाळी त्यांनी रंजिताला फोन लावला. "चार नंबरला लिही. वायर काढल्यावर वीसपर्यंत मोजा."

"लिहिते. सोमवारपासून सगळीकडे दिसेल," ती म्हणाली. तिने जास्त काही विचारलं नाही.

रविवारी आबांनी मुलाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ बोलायचा प्रयत्न केला. त्याला घाई होती. सोमवारी सकाळी त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. आजपासून तो वाजणार नव्हता. त्यांना सुगंधाबाईंची फार आठवण आली.

सातला फोन वाजला.

"आबा, मशीन जुडी नही ऱ्हायनं."

म्हणजे पान पोचलंच नव्हतं. आबांनी वीसपर्यंत मोजून दिलं आणि तडक धानोऱ्याची एसटी धरली. पान काय झालं ते बघायचं आणि रूपालीला तोंडावर सगळं खरं सांगून टाकायचं. ती रागावली तर रागावू दे.

रूपाली बाहेर टेम्पोत कॅन चढवत होती. आतला कॉम्प्युटर चालू होता. आबांनी पान उघडलं. चौथी पायरी जिथल्या तिथे होती, ठळक अक्षरांत. खाली केंद्रांची टीप होती. आबांनी चष्मा नीट बसवला.

"नवीन आलेल्यांसाठी: वीस मोजायचं आपल्याला चार वर्षांपासून माहीत आहे. तरी सुगंधाकाकू गेल्यापासून ठरल्याप्रमाणे रोज सकाळी एका केंद्राने आबांना विचारायचं. सोमवार, गुरुवार धानोरा. मंगळवार, शुक्रवार कळसाडी. आबांनी उचलला नाही तर उचलेपर्यंत फोन करत राहायचं. बुधवार, शनिवार धडगाव. तिथे केंद्रात रेंज नसते, म्हणून तिथल्या दलसिंगने त्या दिवशी टेकडी चढून जावं."