कडी

दिवे लावायला सांगितलं की घर हल्ली बराच वेळ विचार करत बसायचं. चहाचं पाणी तर तल्लफ निघून गेल्यावर उकळायचं. शेवटी वैतागून निशिकांत पेडणेकरांनी घराची स्मार्ट यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीला फोन लावला.

"काका, घराची मेमरी भरलीय," तिकडून ऋजुता म्हणाली. "एकच फाइल वाढत सुटलीय. डबल क्लिकने नाही उघडणार ती. साध्या नोटपॅडमध्ये उघडून बघा."

उघडली. वर नुसते आकडे आणि कंस होते. त्याखाली मात्र एकच ओळ पुन्हा पुन्हा, संपतच नव्हती: 'शलाका आल्या नाहीत. कडी लावलेली नाही. पुन्हा बघतो.'

दोघं या घरात राहायला आले, तेव्हा त्यांच्या बायकोने, शलाकाने घराला पहिली गोष्ट शिकवली होती, ती हीच. सगळी माणसं आत आल्याशिवाय दाराला कडी घालायची नाही. गेल्या वर्षी ती हॉस्पिटलात गेली आणि तिथेच वारली. घराला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"अगंबाई! म्हणजे वर्षभर दाराला कडीच नाही?" ऋजुता घाबरली. "थांबा काका, त्यांचं नाव काढून टाकते. फाइल वाढायची थांबेल आणि कडीही लागेल."

पेडणेकरांनी दाराकडे पाहिलं. इतके दिवस त्यांना वाटत होतं, तिची वाट बघणारे आपण एकटेच.

"नाव राहू दे गं," ते म्हणाले. "जुनं तेवढं पुसून टाक. घराला पुढचं लिहायला जागा लागेल."