न दिलेली ओ

क्लेमेंटिनाने पुन्हा हाक मारली आणि श्वास रोखून ऐकत राहिली. ओ आली नाही. कारवीच्या रानात नुसत्या मधमाश्या घुमत होत्या.

येऊरच्या डोंगरावर त्या वर्षी कारवी फुलली होती. माणसाला झाकून टाकतील एवढी उंच झुडपं, आणि सगळी जांभळी. मधल्या कातळांवर सोनकी पिवळी पसरली होती. पावसाने उघडीप दिली होती. भादव्याचं ऊन पाठीला चावत होतं आणि खाली ठाण्याची खाडी लखलखत होती. पण तिला फुलांचा राग येत होता. ती नसती तर दहा हातांवरचं माणूस तरी दिसलं असतं.

ती सासूला, सुझानाला, शोधत होती. सकाळी ती शेतावरून परतली तेव्हा चूल थंड होती आणि दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. सुझाना शेजारी नव्हती, तळ्यावर नव्हती, चर्चमध्येही नव्हती. अखेर डोंगराच्या पायथ्याशी धाकू लाकूडतोड्या भेटला. त्याने म्हातारीला वर चढताना पाहिलं होतं. तिच्या डोक्यावर गाठोडं होतं म्हणाला. वरच्या अंगाला वाघरू फिरतंय, ऊन कलायच्या आत खाली उतरा, असंही त्याने बजावलं.

गाठोड्याचं ऐकलं आणि क्लेमेंटिना तशीच डोंगर चढू लागली.

घरात त्या दोघीच. क्लेमेंटिनाचा नवरा जेरोम लग्नाच्या दुसऱ्या वर्षी पटकीने गेला. तेव्हापासून चार वर्षं सासूने तिला धड शब्द म्हणून दिला नव्हता. भाताला कणी राहिली तरी बोल, न राहिली तरी बोल. बापाचं घर काय बुडालं का, जात का नाहीस माहेरी, हे तर रोजचंच. लेकाच्या मागे म्हातारीला सून डोळ्यांपुढे नकोशी झाली आहे, असं सगळी आळी म्हणायची. क्लेमेंटिनालाही तेच वाटायचं. ती मान खाली घालून कामाला लागायची.

आणि काल कल्याणहून ॲनी आली होती. तिचा भाऊ ह्युबर्ट रेल्वेत सुतार होता, बायको वारलेली. त्याच्यासाठी ॲनी मागणी घालायला आली होती. क्लेमेंटिनाने तिला अंगणातूनच वाटेला लावलं. तरी सासू रात्री जेवली नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. लेकाच्या बायकोला बघायला माणसं दारात येतात, हे तिच्या जिव्हारी लागलं असणार. मनात आणखी काय आलं असेल, याचा विचार करायला क्लेमेंटिना धजत नव्हती.

पायवाट धारेवर आली. एका बाजूला कारवीची भिंत, दुसऱ्या बाजूला सरळ कडा. पावसाने माती निसरडी झाली होती. एका जागी पाय घसरल्याची लांबलचक खूण होती, आणि ती कड्याच्या अंगाला गेली होती. तिने खाली पाहिलं. बरंच खाली, दगडांच्या बेचक्यात, काहीतरी तांबडं दिसत होतं.

सासूचं लुगडं तांबडं होतं.

ती पोटावर आडवी झाली, झुडपाचा बुंधा धरून पुढे सरकली आणि डोळे ताणून बघत राहिली. वारा आला. तांबडं हललं, सुटं झालं, पुन्हा एकत्र आलं. कळलावीचा वेल होता. फुलांनी भरलेला.

ती तशीच पडून रडली. मग उठली आणि हाका मारत जवळजवळ धावत सुटली.

खिंडीपाशी सुझाना दिसली. एका खडकाला टेकून बसली होती. घोटा सुजला होता, पदराला चिखल लागला होता, गाठोडं मांडीवर होतं. इथून खिंडीकडची वाट उतरली की पलीकडच्या गावात तिच्या भाचीचं घर होतं.

क्लेमेंटिना तिच्यापुढे मटकन बसली. आधी तिने तो पाय हातात घेऊन चाचपला. हाड शाबूत होतं. मग तिला बोलणं सुचलं.

"आय, मी एवढ्या हाका मारल्या. तुला ऐकू आल्या नाय?"

"आल्या."

"मग ओ का नाय दिलीस?"

सुझानाने तोंड फिरवलं. क्लेमेंटिनाला वाटलं, हिला माझं तोंडसुद्धा बघायचं नाही. डोळे पुसत ती म्हणाली, की मी एवढी जड झाले असेन तर उद्याच माहेरी जाते, पण तू आपल्या घरी चल.

"हे चार वर्सांमागं बोलली असतीस तर?" म्हातारी म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "तू जावंस म्हणून रोज तोंड वाजवलं. उमर हाय तवर घर मांडशील कुठं तरी. पण तू हलशील तर ना. काल त्या ॲनीला काय म्हणालीस? आय हाय तवर मी या घरातनं जायची नाय. भिंतीआडून ऐकलं मी. मग म्हटलं, आपणच निघावं. ओ दिली असती, तर नेलंच असतंस मला माघारी."

धारेवर ऊन कलायला लागलं होतं. क्लेमेंटिनाने गाठोडं काखोटीला मारलं, वाकून सासूचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि तिला उभी केली.

"ॲनीला सांगावा धाडते," ती म्हणाली. "येतो म्हणावं, पण दोघी."