आतली बाजू

प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की धाकटीला आपण तळ्याच्या तळाशी बसलोय असं वाटे. समोरच्या पेशीत शिरलेला जीवाणू पेशीच्याच पातळ पडद्याच्या पिशवीत दडला होता. पेशीला तो दिसत नाही. पण पिशवी फाटली की तिच्या आतल्या अंगाची साखर उघडी पडते, आणि तेवढ्यावरूनच पहारेकरी प्रथिनं ओळखतात, काहीतरी बिनसलंय. बघता बघता ती प्रथिनं हिरव्या ठिपक्यांसारखी तरंगत आली, फाटक्या पिशवीभोवती जमली. “जेवलीस का गं?” ताई डबा घेऊन दारात उभी होती. “तू कशी आहेस? घरी सगळं ठीक?” धाकटीनं विचारलं. “मला काय धाड भरलीय!” ताई हसली. एरवी इस्त्रीशिवाय उंबरा न ओलांडणाऱ्या ताईचा स्वेटर आज उलटा होता, शिवणी सगळ्या बाहेर. धाकटी उठली. ती एकटीच ताईला चहूबाजूंनी बिलगली. धाकटीचा खांदा ओला होत गेला.